नाटकगृहाचा विहार झाला, आपल्या समाजमंदिराचे काय?



इंग्लंडातले केंब्रिज हे गाव आपल्याला तिथल्या जुन्या विद्यापीठामुळे ऐकून माहीत आहे. त्याच गावात न्यूमार्केट रोडवर एक जुने नाटकगृह उभे आहे. विल्यम विल्किन्स यांनी ते १८१४ साली उभारले, म्हणजे भीमा कोरेगावच्या लढाईच्याही आधी. आज त्या वास्तूत बुद्धवंदना होते, ध्यानाचे वर्ग भरतात, धम्मावर प्रवचने होतात. त्याचे नाव आहे केंब्रिज बुद्धिस्ट सेंटर. एवढ्या दूरची हकिकत देऊळघाटात बसून आम्ही का सांगतो, असे वाचकांना वाटेल. ती आपल्या वस्तीतल्या गळक्या समाजमंदिराशी कशी येऊन भिडते, ते शेवटपर्यंत वाचल्यास कळेल.

आधी त्या इमारतीची कुळकथा. ती गावाच्या वेशीबाहेर, बार्नवेल नावाच्या भागात बांधली गेली. विद्यापीठाच्या मंडळींना नाटक म्हणजे पोरे बिघडवण्याचा धंदा वाटे, म्हणून नाटकवाल्यांना गावात थारा नव्हता. वेशीबाहेर जागा मिळणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको. जवळच स्टरब्रिजची मोठी जत्रा भरे. तिथे जमणारा लोक नाटकाला येई. आतले प्रेक्षागृह घोड्याच्या नालेच्या आकाराचे, वर सज्जे, समोर रंगमंच. सुमारे साठ वर्षे नाटके चालली आणि १८७८ साली ती बंद पडली. मग ख्रिस्ती प्रचारकांनी तिथे आपले सभागृह थाटले. म्हणजे नाटकगृहाचे प्रार्थनास्थळ होण्याची ही पहिली खेप.

पुढे १९२६ साली टेरेन्स ग्रे नावाच्या श्रीमंत आणि हौशी गृहस्थाने तिथे पुन्हा नाटके सुरू केली. त्याने रंगमंचापुढची कमान काढून टाकली, रंगमंचावरून प्रेक्षकांत उतरणाऱ्या पायऱ्या केल्या, फिरता रंगमंच बसवला, दिव्यांची नवी योजना केली. नट आणि प्रेक्षक यांच्यामधली भिंत त्याला नको होती. हा प्रयोग काही वर्षे गाजला, पण १९३५ च्या सुमारास तोही संपला. त्यानंतर कित्येक वर्षे त्या देखण्या वास्तूत दुसऱ्या एका नाट्यसंस्थेचे कपडे आणि पडदे ठेवलेले असत, सामान बनवण्याचे काम चाले. ज्या घरात माणसांनी भरगच्च गर्दी करायची, त्याचे गोदाम झाले.

गंमत अशी, की हा टेरेन्स ग्रे पुढे नाटक सोडून झेन आणि ताओ विचाराकडे वळला. वेई वू वेई असे टोपणनाव घेऊन त्याने त्या विषयावर पुस्तके लिहिली. १९८६ साली तो वारला. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९८ साली, त्याचेच नाटकगृह बौद्धांनी घेतले. या योगायोगात चमत्कार शोधू नये, पण हकिकत खरी आहे.

हे घेणारे बौद्ध कोण? त्यांचे आपल्याशी जुने नाते आहे. भिक्खू संघरक्षित हे मूळचे लंडनचे. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यातून भारतात आले, इथेच भिक्खू झाले, बाबासाहेबांना भेटले. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता आली तेव्हा ते नागपुरात होते आणि शोकात बुडालेल्या लोकांसमोर ते बोलले. पुढची काही वर्षे ते महाराष्ट्रात गावोगाव फिरले. इंग्लंडला परतल्यावर १९६७ साली त्यांनी तिथे एक बौद्ध संघ सुरू केला. त्याचे भारतातले काम आपण त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या नावाने ओळखत आलो. २०१० पासून त्या संघाचे नाव त्रिरत्न बौद्ध महासंघ असे झाले. १९८० साली तिकडच्या कार्यकर्त्यांनी आपल्याकडच्या कामासाठी निधी उभा करणारी संस्था काढली, तीच आजची करुणा ट्रस्ट. इंग्लंडच्या थंडीत दारोदार फिरून जमवलेल्या पैशातून महाराष्ट्रात वसतिगृहे चालली, आपली मुले शिकली. केंब्रिजचे नाटकगृह दुरुस्त झाले ते याच मंडळींच्या हातून.

आमच्या वस्तीतल्या एका आजींना आम्ही ही हकिकत सांगितली. त्या दर पौर्णिमेला उपोसथ पाळतात. ऐकून त्या म्हणाल्या, "काऊन रे भाऊ, जिथं नाचगाणं झालं तिथं बुद्ध कसा बसवला? अन् मंग अष्टशीलाचं काय?"

प्रश्न रास्त आहे. अष्टशीलात नाचगाणी आणि तमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे शील आहे. पण शील माणूस घेतो, भिंत घेत नाही. पौर्णिमेच्या दिवशी मन एकाग्र व्हावे म्हणून ते शील आहे. कला बाटलेली आहे आणि तिच्या स्पर्शाने जागा विटाळते, असा त्याचा अर्थ होत नाही. जागेचा विटाळ मानणे ही कोणाची रीत होती आणि तिने आपल्याला किती शतके पाण्यापासून दूर ठेवले, हे आजींनीच आम्हाला लहानपणी सांगितले आहे. आम्ही तशी आठवण करून दिली तेव्हा त्या हसल्या.

शिवाय धम्म आणि नाटक यांचे वैर कधीच नव्हते. बुद्धचरित लिहिणारे महाकवी अश्वघोष हे नाटककारही होते. सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या धम्मप्रवेशावर त्यांनी नाटक लिहिले. त्याच्या ताडपत्रांचे तुकडे विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य आशियातल्या तुर्फान भागात सापडले. आज हाती असलेल्या संस्कृत नाटकांत ते सर्वांत जुन्यांपैकी आहे. आणि आपली चळवळ तरी कुठे सुरू झाली? मुंबईच्या परळ भागातल्या दामोदर हॉलमध्ये. ९ मार्च १९२४ रोजी तिथे बाबासाहेबांनी सभा घेतली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तो हॉल म्हणजे गिरणगावातल्या कामगारांचे नाटकगृहच. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलशांतून बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. हा दामोदर हॉल २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाला तेव्हा नाट्यकर्मींनी आवाज उठवला. आपल्या समाजातून तसा मोठा आवाज आम्हाला ऐकू आला नाही, याची खंत वाटते.

आता मुख्य गोष्ट, कामाची. केंब्रिजच्या वीस वर्षे आधी याच संघाने लंडनमध्ये असे एक काम करून दाखवले होते. लंडनच्या पूर्व भागात, कष्टकऱ्यांच्या वस्तीत, बेथनल ग्रीन इथे अग्निशामक दलाची एक जुनी इमारत होती, १८८८ सालची. ती ओस पडली होती, आतून मोडकळीस आली होती. काही तरुण त्या पडक्या इमारतीतच राहायला गेले. त्यांनी तिचे नाव ठेवले सुखावती. भिंती घासणे, राडारोडा उचलणे, सुतारकाम, रंगकाम हे सगळे त्यांनी स्वतः शिकत शिकत केले. काही वर्षे असे राबल्यावर १९७८ साली तिथे लंडन बुद्धिस्ट सेंटर सुरू झाले. ज्या इमारतीतून आगीचे बंब धावत, तिथे माणसे मनातला जाळ विझवायला येऊ लागली.

पैसा कुठून आला, हे आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाला आधी विचारावेसे वाटते. केंब्रिजचे नाटकगृह घेणारा विंडहॉर्स ट्रस्ट हा तिथल्या बौद्धांनी चालवलेल्या एका व्यापाराशी जोडलेला होता. १९८० च्या सुमारास लंडनच्या बाजारातल्या एका छोट्या ठेल्यापासून तो व्यापार सुरू झाला. भेटवस्तूंची घाऊक विक्री आणि दुकाने असा वाढत गेला. काम करणारे बरेच जण एकत्र राहत आणि गरजेपुरते घेत. उरलेला नफा धम्मकार्याला जाई. सम्यक् आजीविका हा शब्द आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो, तो त्यांनी खातेवहीत उतरवला. तो व्यापार पुढे बंद झाला. धंद्याला चढउतार असतातच. पण त्यातून उभी राहिलेली जागा लोकांच्या हाती राहिली.

केंब्रिजच्या कामात आणखी एक शिस्त होती. ही वास्तू तिकडच्या संरक्षित इमारतींच्या यादीत वरच्या दर्जाने नोंदलेली आहे. मनाला आले म्हणून तिथे खिळाही ठोकता येत नाही. त्यामुळे विहार करायचा म्हणून नाटकगृह पुसून टाकले नाही. सज्जे आणि ते नालेच्या आकाराचे प्रेक्षागृह जपले गेले. आपण यायच्या आधी इथे कोणी होते, त्यांचे काम मान देण्याजोगे होते, हे मान्य करूनच नवी मंडळी आत आली. जिंकलेल्या जागेवर झेंडा लावण्याची ही वृत्ती नव्हे. धम्माला हेच शोभते.

जुन्या इमारतीचे काम कसे करतात, हे थोडे सांगतो, कारण ते आपल्याही कामाचे आहे. पहिले काम नेहमी छपराचे. रंग, फरशी, मूर्तीचा चौथरा हे सगळे नंतर. वरून पाणी येत असेल तर खाली केलेला खर्च वाहून जातो. दुसरे काम पन्हाळी आणि गटारीचे. पाणी भिंतीच्या पायाशी साचता कामा नये. तिसरे काम ओल आणि लाकडाचे, कारण ओल आली की बुरशी आणि वाळवी आलीच. त्यानंतर गिलावा. जुन्या भिंती चुन्याच्या असतात आणि चुना ओल आत घेतो, बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आमच्या ओळखीचे एक वयस्क गवंडी म्हणतात, "भिंतीले बी दम घेऊ द्या लागते." आपल्या भागातल्या जुन्या दगडमातीच्या घरांना हे तंतोतंत लागू आहे. स्लॅबच्या इमारतीचा रोग वेगळा. पाणी मुरून आतले गज गंजतात, गंजून फुगतात आणि सिमेंटचे ढलपे पडू लागतात. तिथे वरून रंग मारणे म्हणजे तापावर पावडर लावणे.

आता आपल्याकडे वळू. बुलडाणा जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत आपल्या वस्तीत समाजमंदिर आहे. कुठे आमदार फंडातून, कुठे दलित वस्तीच्या योजनेतून झालेले. दारावर कोनशिला आहे, तिच्यावर उद्घाटकांची नावे आहेत. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला कुलूप निघते. बाकी दिवस आत खुर्च्या, मंडपाचे बांबू, कोणाचे तरी सोयाबीनचे पोते. केंब्रिजच्या नाटकगृहाचे गोदाम झाले होते म्हणून हळहळणाऱ्यांनी आपल्या गावात एकदा डोकावून पाहावे. छत गळते. कोणी म्हणतो पाडून टाका, नवीन मोठे बांधू, फंड येणार आहे. फंड येईपर्यंत पाच-दहा पावसाळे जातात आणि तेवढ्यात मुलांची एक पिढी विहाराची पायरी न चढता मोठी होते. आमचे म्हणणे एवढेच, की जे उभे आहे ते आधी कोरडे करा, झाडा, उघडा.

श्रमदान हा शब्द उच्चारताच काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडते, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. आपल्या आजा-पणजांचे श्रम गावाने फुकट घेतले. सांगावा पोचवा, मेलेले जनावर ओढा, सरकारी माणसाचे ओझे वाहा, आणि बदल्यात शिळे तुकडे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते याच गुलामीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. तेव्हा फुकट राबण्याचे गोडवे आपल्या लोकांपुढे गाताना दहादा विचार केला पाहिजे. वेठ आणि श्रमदान यांत फरक कोणता? आमच्या मते तीन गोष्टींचा. काम करायचे की नाही हे करणाऱ्याने ठरवले का? त्याच्या कामाची नोंद झाली का? आणि काम झाल्यावर त्या जागेत त्याला मानाने बसता येते का? केंब्रिज आणि लंडनच्या मंडळींनी आपखुशीने काम केले आणि दुरुस्त झालेल्या जागेत तेच ध्यानाला बसले. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होय असेल तर ते दान. एकाचेही उत्तर नाही असेल, तर मग वर निळा झेंडा असला तरी ती वेठच.

म्हणून काही व्यावहारिक सूचना करतो.

एक, कामाची वही ठेवा. तारीख, नाव, काय काम केले, किती तास. पैशाचा जमाखर्च मांडतो तसाच श्रमाचा मांडा आणि दर महिन्याला भिंतीवर लावा. पन्नास घरांची वस्ती धरा. घरटी महिन्याला एक दिवस मिळाला तर वर्षाचे सहाशे दिवस होतात. रोजी पाचशे रुपये धरली तर ते तीन लाखांचे धम्मदान झाले. हा आकडा वाचून वस्तीला स्वतःची ताकद कळेल. ज्या बाईने वर्षभर झाडलोट केली तिचे नाव पहिल्यांदा भिंतीवर येईल. आजवर ते कोणत्याही कोनशिलेवर आलेले नाही.

दोन, कसबी माणसांना मान द्या. आपल्या वस्तीत गवंडी आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, वायरमन आहेत, रंगारी आहेत. सभेत माईक नेहमी आमच्यासारख्या कारकुनांच्या आणि मास्तरांच्या हाती असतो. या कामात पुढारी गवंडी असावा आणि आम्ही घमेली उचलावी. ज्याची रोजी बुडते त्याला मजुरी द्यावी लागली तर वर्गणीतून द्या, त्यात कमीपणा नाही.

तीन, हौसेने जीव धोक्यात घालू नका. स्लॅबचे ढलपे पडत असतील तर आधी जाणत्या इंजिनिअरला दाखवा. विजेचे काम वायरमननेच करावे. पोरांना उंच शिडीवर चढवू नये.

चार, कागद पाहा. समाजमंदिराची जागा बहुधा ग्रामपंचायतीच्या नावे असते. नमुना आठचा उतारा काढा, ग्रामसभेचा ठराव घ्या, मगच हात लावा. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. राहत्या घराचे स्मारक करायला तिथल्या स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली आणि अपिलात परवानगी मिळेपर्यंत २०२० साल उजाडले. सरकारच्या पाठबळाने घेतलेल्या घराची ही कथा, तर आपल्या दोन खोल्यांना कागद किती हवा ते समजावे.

पाच, आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्तीआधीच वापर ठरवा. सकाळी अभ्यासिका, दुपारी महिला मंडळ, संध्याकाळी वंदना, रविवारी लहान मुलांचा धम्मवर्ग. किल्ली एकाच घरी न ठेवता आठवड्याच्या पाळीने फिरवा. केंब्रिजच्या त्या वास्तूत नाटकवाले आले, ख्रिस्ती प्रचारक आले, पुन्हा नाटकवाले आले.  जागा टिकते ती रोज दार उघडणाऱ्या माणसांमुळे. आपल्या शेजारच्या अजिंठ्याचेही तेच झाले. लेणी दगडात कोरलेली होती, चित्रे अप्रतिम होती. पण वंदना करणारे गेले आणि १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडेपर्यंत बाहेरच्या जगाला तिचा विसर पडला होता.

वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो. तीन महिने विहारात ग्रंथवाचन व्हायचे, तर त्याआधी छप्पर कोरडे हवे. म्हणजे मृगाच्या आत एक रविवार ठरवावा, गवंड्याला छतावर नेऊन कुठे कुठे गळते ते खडूने आखून घ्यावे आणि त्याच संध्याकाळी वंदनेनंतर वहीत पहिली नावे लिहावीत. ज्या गावाने हे केले त्याने आम्हाला पत्राने कळवावे. किती पैसे जमले ते नंतर लिहा. आधी किती माणसे आली आणि दार किती दिवस उघडे राहिले तेवढे लिहा. ती नावे आम्ही या सदरात आनंदाने छापू.

जयभीम. नमो बुद्धाय.